बुद्धीचें वकीलपत्र

भावना माणसाला आंधळें करते व बुद्धि त्याला डोळस करते, हें मत आमच्या सुशिक्षित वर्गांत इतकें सर्वमान्य आहे कीं, तें तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. त्याच्या पोटांत एक सोयीची पुस्तीहि दडलेली असते: आंधळे ते लोक, डोळस ते आम्ही! असें मानणारांनीं आमच्याच रायगड, म्हणजे तेव्हांच्या कुलाबा, जिल्ह्यांतील महाडच्या चवदार तळ्याची हकीकत पुन्हा एकवार वाचावी. मात्र ती समारंभाच्या दिवशीं वाचतात तशी नव्हे, आरोपीनें स्वतःवरील आरोपपत्र वाचावें तशी.

तारखा बहुतेकांस ठाऊक आहेत. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें 1923 मध्यें मान्य केला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेनेंहि 1924 मध्यें तळें खुलें केलें. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले. कांहीं वेळांतच हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठली आणि परतीच्या तयारींत असलेल्या, जेवत बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. येथवरची कथा सांगतांना आमचा स्वर मोठा निर्धास्त असतो. जमाव म्हटला कीं तो भडकायचाच; आवई खरी कीं खोटी हें कोण पाहतो!

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. डोकीं थंड झाल्यावर काय झालें? तळ्यांतून मातीच्या 108 घागरी भरून पाणी काढलें, त्यांत शेण, गोमूत्र, दूध व दही कालवलें आणि मंत्रोच्चारांत तें परत तळ्यांत ओतलें. ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरांत दिवाणी दावा दाखल झाला: तळें स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचें आहे आणि अस्पृश्यांस तेथें मज्जाव ही अनादि कालापासूनची रूढि आहे. ही भाषा जमावाची नव्हे. ती संयत आहे, कलमवार आहे, कायद्याच्या पुस्तकांतून उचललेली आहे. आणि तरीहि लाठी उगारणाऱ्या हाताला जें हवें होतें नेमकें तेंच ती मागते. त्या तळ्याचें पाणी मुसलमान भरीत असत, त्यानें तें विटाळत नसे. तेव्हां शुचितेचें तत्त्व आधीं व त्यापासून निष्पन्न झालेला निषेध मागून, असा हा क्रमच नव्हता. किळस निकाल देऊन मोकळी झाली होती. बुद्धीला बोलावणें गेलें तें निकालपत्र लिहिण्यापुरतें.

यावर आमचा पंडितवर्ग म्हणतो, “म्हणूनच भावना दूर ठेवा.” हा उपाय रोगाहून वाईट आहे. मेंदूच्या पुढच्या भागास विशिष्ट ठिकाणीं इजा होऊन ज्यांच्या भावना बोथट झाल्या अशा रोग्यांचें वर्णन आंतोनिओ दामासिओ या वैद्यकानें केलें आहे. त्यांची बुद्धि मोजली तर शाबूत. पण पुढच्या भेटीचा दिवस कोणता घ्यावा एवढें ठरवितांना त्यांतील एकजण दोन तारखांच्या बाजूंनीं व विरुद्ध अर्धा तास कारणें देत बसला. निव्वळ तर्कानें चालणारा माणूस असा दिसतो. तो ऋषि नव्हे, रोगी आहे.

महाडासच उलट दाखलाहि आहे. त्या मार्चच्या सायंकाळीं अनुयायी रक्तबंबाळ असतां डॉ. आंबेडकरांनीं त्यांस प्रतिहल्ल्यापासून आवरलें. डिसेंबरांत हजारों माणसें सत्याग्रहाच्या व तुरुंगाच्या तयारीनें आलीं असतां, न्यायालयाचा मनाईहुकूम आहे म्हणून सत्याग्रह पुढें ढकलला. संताप त्यांस नव्हता असें कोण म्हणेल? पण तो संताप वस्तुस्थितीकडे डोळे उघडून पाहणारा होता. त्याच परिषदेंत 25 डिसेंबरला मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. हिंदु समाजांतील इतर शिकल्यासवरल्यांजवळ होतें त्याहून कांहीं अधिक तर्कशास्त्र त्यांच्याजवळ होतें असें मला वाटत नाहीं. त्यांची लाज जागी होती. मुंबईच्या उच्च न्यायालयानें 17 मार्च 1937 रोजीं अनादि रूढि सिद्ध झालेली नाहीं असा निर्णय दिला. एवढें कळण्यास सुमारें दहा वर्षें आणि तीन न्यायालयें लागलीं!

हें सारें जुनें झालें असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं जागा भाड्यानें देतांना आडनांव ऐकून क्षणभर थबकणारा व मग ‘सोसायटीचे नियम’ पुढें करणारा सद्गृहस्थ आठवावा. त्या क्षणभरांतच निकाल लागलेला असतो. अशा वेळीं, काय दिसलें असतां माझें मत बदलेल, हा एकच प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. उत्तर सुचलें नाहीं तर समजावें कीं आपण विचार करीत नसून कोणाचें तरी वकीलपत्र घेतलें आहे.

मीहि तें घेतलेलें आहे. अष्टागरांतील माझ्या आजोळीं नारळ पाडण्यास येणाऱ्या गड्याला चहा द्यावयाची करवंटी पडवीच्या कोनाड्यांत निराळी ठेवलेली असे. कॉलेजांत मिल वाचून सुटीला गेलों तेव्हां मीं त्याचें कारण विचारलें. आरोग्याच्या दृष्टीनें तें बरें, असें उत्तर मिळालें व तें मला पटलें. माजघरांत त्या वेळीं जुनाट खोकल्यानें अंथरुणास खिळलेले एक आप्त होते. त्यांची कपबशी आमच्या कपबशांबरोबरच विसळली जात असे.