विटलेल्या रंगाचे राजकारण

कॅलिफोर्नियातील साठ-सत्तरच्या दशकांतल्या सर्फिंग संस्कृतीची आठवण जागवणारी 'ट्रकर हॅट' आज कोरी असतानाच जुनी होऊन विकायला येते. पुढे फोमचा उंच भाग, मागे नायलॉनची जाळी, आणि फोमवर लाट व सूर्य यांचे मुद्दाम विटवलेले चित्र. ऊन आणि खारे वारे यांनी वर्षानुवर्षे करायचे काम कारखान्यातच उरकलेले असते.

अशी वस्तू पाहिली की आपल्यासारख्या साहित्याच्या अभ्यासकांचा निष्कर्ष तयार असतो: बाजाराने बंडखोरी गिळली. डिक हेब्डिज यांच्या १९७९ सालच्या 'सबकल्चर' या ग्रंथामुळे ही मांडणी आपल्या परिचयाची आहे. उपसंस्कृतीची शैली आधी धक्का देते, मग तिचीच विक्रेय वस्तू होते. मांडणी चुकीची नाही. परंतु ती या टोपीला लावताना बाजारापूर्वी एखादा निर्मळ आरंभ होता, असे आपण नकळत गृहीत धरतो. मला हे गृहीतकच तपासावेसे वाटते.

ही टोपी मुळात जाहिरात होती. पशुखाद्य, बियाणे, ट्रॅक्टर विकणाऱ्या अमेरिकी कंपन्या ती शेतकऱ्यांना व ट्रकचालकांना फुकट वाटत. फोमवर कंपनीचे नाव ठळक छापता येई आणि जाळीतून वारा खेळे. सर्फिंगची कथाही फार वेगळी नाही. हवाईचा जॉर्ज फ्रीथ १९०७ साली कॅलिफोर्नियात आला. रिडोंडो बीच येथे त्याच्या कसरती घडवून आणल्या त्या रेल्वे व जमिनींचे व्यवहार करणाऱ्या हेन्री हंटिंग्टन यांनी, गिऱ्हाईक ओढण्यासाठी. मॅलिबूच्या किनाऱ्यावरील मोजक्या तरुणांचे जगणे 'गिजेट' या चित्रपटाने १९५९ सालीच लोकांपुढे मांडले होते. नोकरी, शिस्त आणि घड्याळ नाकारणाऱ्यांचे बंड खोटे नव्हते. पण ते बाजाराच्या अंगणातच वाढले.

मग या टोपीला आक्षेप घ्यावाच का? घ्यावा, मात्र तो विक्रीला नव्हे, विस्मरणाला. लाटेवर स्वार होणे ही हवाईच्या मूळ लोकांची कला होती. तेथे सरदार आणि सामान्य, स्त्री आणि पुरुष सारेच लाटांवर जात. १८२० पासून तेथे आलेल्या मिशनऱ्यांनी या कलेकडे नापसंतीने पाहिले. पुढे हीच कला कॅलिफोर्नियाचे 'स्वातंत्र्य' म्हणून जगभर पसरली. टोपीवर लाट उरली, हवाई उरले नाही. जाळी उरली, पण जिच्यामुळे ती सोयीची वाटे ती घामाघूम मजुरी उरली नाही.

म्हणून 'हे अस्सल की नक्कल?' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. अस्सलपणाचा शोध आपल्याला एका काल्पनिक आरंभाकडे नेतो आणि तेथेच थांबवतो. जुनेपणाचा रंग चढवताना कोणाचा इतिहास पुसला गेला, हे विचारले तर वाचन पुढे सरकते. वर्गात एखादी कविता वाचतानाही आपण हेच विचारायला हवे. टोपीपाशी तो प्रश्न सोडून देण्याचे कारण मला दिसत नाही.