किल्ली देणारा राजा

बँकेत असताना मला सर्वांत अवघड वाटे ते ‘चार्ज देणे’. बदली झाली की नव्या अधिकाऱ्यासमोर रोकड मोजायची, तिजोरीची किल्ली त्याच्या हाती ठेवायची आणि रजिस्टरात सही करायची. किल्ली आपली नव्हेच, हे ठाऊक असूनही त्या दिवशी खिसा हलका आणि मन जड होई.

मग जी किल्ली वाडवडिलांपासून आपल्याच घरात आहे, ती आपण होऊन देणाऱ्याला काय म्हणावे?

आम्हा पाटणच्या मंडळींना सरदार-जहागीरदार नवे नाहीत. पण असा माणूस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, औंधला होऊन गेला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१). सूर्यनमस्कारांचे प्रचारक, स्वतः चित्रकार, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ देणारे, एवढे आपण ऐकून असतो. खरी मोठी गोष्ट १९३९ सालची. ऑक्सफर्डहून परतलेले पुत्र अप्पासाहेब, पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन आणि गांधीजींचा सल्ला यांतून औंधची राज्यघटना आकाराला आली. सत्तरीतल्या राजाने ती जाहीर केली आणि ७२ गावांचा कारभार ग्रामपंचायती, तालुका पंचायती व विधिमंडळ यांच्या हाती सोपवला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंतींवाचूनचा तुरुंगही उभा राहिला. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चे मूळ तेथेच.

कुणी म्हणेल, संस्थाने जाणारच होती. १९४८ साली औंधही विलीन झाले. खरे आहे. पण १९३९ साली ते कुणाला ठाऊक होते? त्या दिवसांत पुष्कळ संस्थानांत हक्क मागणाऱ्यांच्या वाट्याला लाठी आणि तुरुंग येत होता. न मागता देणे वेगळे आणि हिसकावले गेल्यावर ‘मी दिले’ म्हणणे वेगळे.

माझ्या मते, माणसाचे मोठेपण त्याने किती मिळवले यापेक्षा हात धडधाकट असताना काय सोडले यावर मोजावे. गावची सोसायटी असो, देवस्थानचा ट्रस्ट असो, आपण सारे खुर्चीला शेवटच्या श्वासापर्यंत चिकटून राहतो. लोक बिघडवतील, अशी भीती घालतो. तशी भीती त्या राजालाही वाटली असेल. तरीही त्याने लोकांवर विश्वास टाकला.

हे लिहिताना माझा हात कमरेकडे गेला. घर आता मुलगा आणि सून चालवतात. कपाटाची किल्ली मात्र अजून माझ्याच करगोट्याला आहे. आज रविवार आहे. संध्याकाळी चार्ज द्यावा म्हणतो.