गाडीचे ऑईल घरी बदलताना : खालून सोडावे की वरून ओढावे?



इंजिनातले ऑईल घरच्या घरी बदलावे काय, आणि बदलायचे तर चेंबरचा नट खोलून खालून सोडावे की पंपाची नळी घालून वरून ओढून घ्यावे, हा वाद वरवर पाहता मुंबईकडच्या चाकरमान्यांचा वाटेल. पण आता आपल्याकडेही वस्तीवस्तीवर चारचाकी दिसते, ट्रॅक्टर तर आहेतच. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांची मुले, भाचे, जावई दहिसर, मीरा रोड, काशीमीरा या पट्ट्यात राहतात. दिवाळीला गाडी घेऊन गावी येतात आणि इकडच्या थोरल्यांशी याच विषयावर हुज्जत घालतात. पोरगा म्हणतो, “आबा, आता खाली लोळायची गरज नाही, पंपाने दहा मिनिटांत काम होते.” आबा म्हणतात, “गाळ तळाशी असतो, तो तुझ्या नळीने येतो होय?” आमच्या मते दोघांचेही निम्मे खरे आहे. आणि ज्या गोष्टीवर खरे तर भांडायला पाहिजे, ती दोघेही बोलत नाहीत.

आधी काशीमीऱ्याची जागा कशी आहे ते सांगतो, कारण पद्धत जागेवरून ठरते. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तो हा भाग. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला थोड्या अंतरावर वरसावे पूल आणि खाली वसईची खाडी. रात्रंदिवस ट्रकांची रहदारी, त्यामुळे मिस्त्री, पंक्चरवाले, स्पेअर पार्टची दुकाने यांना तोटा नाही. राहायला मात्र इमारती. गाडी उभी करायची ती इमारतीच्या खांबांमध्ये, दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून. तिथे गाडी जॅकवर चढवायची म्हणजे शेजाऱ्याचे दार आधी उघडेनासे होते. फरशीवर ऑईलचा डाग पडला की सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लावतात. अशा जागेत राहणाऱ्या माणसाला वरून ओढायचा पंप आवडला तर त्यात नवल नाही.

हा पंप दोन प्रकारचा मिळतो. एकात हाताने दांडा मारून डब्यातली हवा काढायची, मग तेल आपोआप डब्यात ओढले जाते. दुसरा गाडीच्याच बॅटरीवर चालतो. (हा दुसरा फक्त ऑईल-डिझेलसाठी असतो. त्याने पेट्रोल ओढायच्या फंदात कोणी पडू नये, ठिणगीला निमित्त नको.) ऑईल मोजायची पट्टी काढायची, तिच्या नळीतून पंपाची बारीक नळी तळ लागेपर्यंत सोडायची, इंजिन आधी थोडे चालवून तेल कोमट झालेले असले की ते पातळ होऊन वर येते. गाडीखाली जाणे नाही, पाना नाही, नटाचे आटे जाण्याची भीती नाही. ही शेवटची गोष्ट लहान नव्हे. हल्ली बऱ्याच गाड्यांचे चेंबर ॲल्युमिनियमचे असते, आणि पोलादी नट जोर लावून आवळणारा उत्साही माणूस त्याचे आटे एका झटक्यात घालवतो. मग नवे चेंबर बसवा, नाहीतर आटे पाडून घ्या. काही परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपातसुद्धा वरूनच तेल ओढतात. म्हणजे पद्धत चुकीची आहे असे कोणी म्हणू नये.

पण तिच्यात दोन खोट्या आहेत. पहिली फिल्टरची. ऑईल बदलले आणि फिल्टर जुनाच ठेवला, तर आंघोळ करून मळका सदरा घातल्यासारखे झाले. पुष्कळ गाड्यांचा फिल्टर इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो आणि खाली गेल्याशिवाय हाती लागत नाही. मग तेल वरून ओढून वाचवले काय? पंप विकत घेण्याआधी आपल्या गाडीचे बॉनेट उघडून एवढेच पाहावे : फिल्टरला वरून हात पोचतो काय? पोचत असेल तर पंपाचा विचार करावा. नसेल तर ते पैसे ठेवून द्यावेत.

दुसरी खोट आबांनी सांगितली तीच. काही इंजिनांत नळी सरळ तळाला जाते, काहींत मध्येच अडते किंवा वाकून वर येते, आणि मग तळाचे तेल तसेच राहते. याची परीक्षा सोपी आहे. गाडीच्या पुस्तकात फिल्टरसह किती लिटर तेल लागते ते छापलेले असते. ओढून काढलेले तेल मापाने मोजावे. पहिल्या खेपेला पंपाने सगळे ओढून झाल्यावर एकदा खालचा नटही सोडून पाहावा. कपभर आले तर चालण्यासारखे आहे. तांब्याभर आले तर त्या गाडीला ही पद्धत नाही, मग पंप कितीही भारी असो. खालून सोडण्याचा आणखी एक फायदा जुने मिस्त्री जाणतात. नटाला लागलेला बारीक काळा लगदा बोटावर घेऊन पाहिला की इंजिनाची तब्येत कळते. नुसती भुकटी असेल तर ती रोजची झीज, पण चमकणारे कण किंवा किसासारखे तुकडे दिसले तर आतले काहीतरी खात आहे. पंपाच्या डब्यात हे दिसत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे शेतात, वस्तीवर मोकळी जागा आहे, त्यांनी नट खोलूनच तेल सोडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र गाडीखाली जायची रीत सुधारली पाहिजे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली माणसाने जाऊ नये. जॅक हा उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. उसाच्या ट्रॉलीचे चाक बदलताना जॅक कसा सरकतो हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. जमीन कडक व सपाट हवी, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे हवेत, हँडब्रेक ओढलेला हवा आणि गाडीचे वजन जाड लोखंडी स्टँडवर, पुस्तकात दाखवलेल्या जागीच टेकलेले हवे. विटा रचून टेकू देतात, ती वीट कधी फुटेल सांगता येत नाही. त्यापेक्षा वस्तीवर गाडीच्या दोन चाकांच्या मधोमध बसेल असा पक्का बांधलेला खड्डा असला तर ट्रॅक्टर, जीप, मोटार सगळ्यांचे भागते. चार घरांनी मिळून एक बांधावा, आणि काम नसेल तेव्हा त्यावर फळ्या टाकाव्यात, कारण पोरे आणि शेरडे दोघांनाही खड्ड्याची ओढ असते.

नट बसवताना वायसर नवी घालावी, आधी हाताने आटे धरवावेत, मग पान्याने बेताचे आवळावे. फिल्टरच्या रबराला बोटाने नवे तेल लावावे आणि जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना ते पाहावे. एकावर एक दोन रबरे बसली की इंजिन सुरू होताच सगळे तेल जमिनीवर. भरताना पट्टीच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवावे. जास्त भरले की इंजिनाला जास्त वंगण मिळते ही समजूत खोटी आहे, तेल घुसळून त्याला फेस येतो. आणि इंजिन “धुवायला” रॉकेल किंवा डिझेल घालून चालवण्याचा जो प्रकार आहे तो बंद करावा. त्याने सुटलेला गाळ तळाच्या जाळीत अडकतो आणि मागे राहिलेले रॉकेल नवे तेल पातळ करते.

किती दिवसांनी बदलावे यावर एक गोष्ट आपल्या धंद्याला लागून आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, त्यात आपल्या उसाचा, मळीचा वाटा आहे, ही आनंदाची बाब. पण इथेनॉल पाणी धरून ठेवते. घरापासून मीरा रोड स्टेशन आणि परत, एवढीच ज्याच्या गाडीची रोजची धाव, त्याचे इंजिन पुरते तापतच नाही. मग न जळलेले इंधन व पाण्याचा अंश ऑईलमध्ये उतरतो आणि झाकणाखाली दुधट साय दिसते. हल्लीच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. कमी धावणाऱ्या गाडीने “वर्ष” हा शब्द वाचावा. ट्रॅक्टरचा हिशेब तासांवर असतो, तो घड्याळ पाहून करावा. ऑईलचा नंबरही पुस्तकात असेल तोच. जुन्या जीपचे जाड ऑईल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत घातले तर मायलेज जाते, आणि डिझेल गाडी असेल तर धुराड्यातली महागडी गाळणी लवकर तुंबते.

आता ज्या गोष्टीवर आबा आणि पोरगा बोलत नाहीत ती. काढलेले ऑईल जाते कुठे?

काशीमीऱ्यात ते पिशवीत घालून कचऱ्यात जाते, किंवा रात्रीच्या वेळी गटारात. गटाराचे पाणी नाल्याला, नाल्याचे खाडीला. खाडीकाठी तिवरांची झाडे असतात, त्यांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर तेलाचा थर बसला की झाड गुदमरते. त्याच खाडीत मासेमारी करणारी कोळी माणसे आहेत. त्यांनी आपल्या गाडीचे काय घोडे मारले आहे? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब असा की एका वेळचे काढलेले ऑईल १० लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते. हा आकडा डोळ्यांपुढे आणायला आपली विहीर आणि आपला ओढा पुरेसा आहे.

आपण गावाकडे ते फेकत नाही, वापरतो, म्हणून आपण शहाणे, अशी समजूत आहे. जळके ऑईल कुंपणाच्या डांबांना वाळवी लागू नये म्हणून लावतात, स्लॅबच्या प्लेटांना फासतात, आणि वाईट म्हणजे जनावराच्या खरजेवर, गोचिडांवर चोळतात. जनावर ते चाटते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे तेव्हा या तेलातून जनावरांना शिशाची विषबाधा होत असे. शिशाचे पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले, तरी बेअरिंगची झीज, काजळी आणि कारखान्यात घातलेली रसायने त्यात आहेतच. माणसाच्या कातडीलाही ते वाईट. इंग्लंडात लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांचे तेल अंगावर उडून कामगारांना कातडीचा कर्करोग होई, हे फार जुने प्रकरण आहे. हातमोजे घालावेत, तेलकट चिंधी खिशात ठेवू नये. गोचिडांना पशुवैद्याचे औषध घ्यावे.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात १९८९ च्या नियमांपासून धरले आहे, सध्याचे नियम २०१६ चे. ते शासनाची परवानगी असलेल्या पुनर्शुद्धीकरण कारखान्यातच गेले पाहिजे. २०२३ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ठरावीक हिस्सा परत शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. तेल जळून संपत नाही, ते मळते आणि त्यातली रसायने संपतात. गाळून, तापवून, शुद्ध करून त्याचे पुन्हा वंगण होते. म्हणजे गटारात ओततो तो माल आहे.

म्हणून काशीमीऱ्याच्या पोराला आमचा सल्ला थोडा वेगळा आहे. ज्या गॅरेजात जुन्या तेलाचे पिंप भरून ते परवानाधारकाकडे जाते, अशा ठिकाणी ऑईल बदलून घ्यावे. ऑईल-फिल्टर स्वतः विकत न्यावे, आपल्यासमोर घालून घ्यावे. घरीच करायची हौस असेल आणि फिल्टरला वरून हात पोचत असेल तर पंप घ्यावा, पण आधी त्या गॅरेजवाल्याला “जुने तेल आणून दिले तर घेशील का?” हे विचारून. नाही म्हणाला तर घरी करू नये. जुन्या तेलात पाणी, पेट्रोल, कूलंट काहीही मिसळू नये, नाहीतर पुढे कोणी ते घेत नाही. नव्या ऑईलचा डबा यासाठी वापरावा, आणि तो रिकामा झाला की तळाला भोक पाडून मगच भंगारात द्यावा. नाहीतर त्याच डब्यात बनावट ऑईल भरून कोणाच्या तरी गाडीत जाते.

इकडे गावाकडे तेल न्यायचे कुठे, हा प्रश्न आपला आपणच सोडवण्यासारखा आहे. कारखान्याच्या यंत्रांचे आणि वाहनांचे वापरलेले तेल निघते, ते परवानाधारकाला द्यावेच लागते. त्याच पद्धतीने सभासदांचेही जमा करून घेता येईल काय, त्यासाठी परवानगी कोणती लागेल, हे व्यवस्थापनाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारावे, आणि उत्तर वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावे, अशी आमची सूचना आहे. ऊस घेऊन ट्रॅक्टर गाळपात रोज येतच असतात, येताना एक डबा आणणे कोणाला जड नाही. पिंप ठेवायचे झाले तर वजनकाट्याजवळ, छपराखाली, सिमेंटच्या कोब्यावर, झाकणाला कडी लावून ठेवावे. बैलगाड्यांच्या अड्ड्याकडे नको, तिथे जनावरे तोंड घालतात.