जीर्णोद्धार नावाची पाडापाडी

"जुनं गळकं देऊळ किती दिवस ठेवायचं? स्लॅब टाकू, खाली ग्रॅनाइट घालू." निरगुडसरला सुट्टीत गेलो की आमचे तात्या हे हमखास ऐकवतात. विषय पंचक्रोशीतल्या एका दगडी देवळाचा आहे. कुठल्या, ते सांगत नाही. वर्गणीच्या यादीत माझंही नाव आहे.

म्हणून तात्यांना पुण्यात सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती दाखवायला नेलं. नऊ वर्षं पुण्यात राहून मीही पहिल्यांदाच गेलो, हे कबूल. भीमगीरजी गोसावींनी १७५४मध्ये सुरू केलेलं हे काम १७७०मध्ये पुरं झालं. दर्शनी भिंत काळ्या दगडाची, कोरीव कामानं भरलेली. तिच्यावर साखळीनं बांधलेला गेंडा आणि गोरे शिपाई. इंग्रजांनी बंगाल गिळल्याचं हे चित्र, असा अर्थ लावला जातो. आत मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, आणि संस्कृत शिलालेखांच्या जोडीला चक्क फारसी शिलालेख! या भिंतीला कुणी भाविकानं टाइल्स लावल्या असत्या, तर पेशवाईतल्या पुण्याला बंगालची खबर होती हे सांगणारा दगड गेला असता.

तात्या सहज हरणारे नाहीत. "जपानी लोक वीस वर्षांनी देऊळ पाडून नवं बांधतात, तूच टोकियोहून आल्यावर सांगितलंस ना?"

सांगितलं होतं, आणि खरंही आहे. इसेचं शिंतो देवस्थान २०१३मध्ये बासष्टाव्यांदा नव्यानं उभं राहिलं. पण तात्या, ते शेजारच्या जागेवर हुबेहूब तसंच बांधतात, तसंच लाकूड, तसेच सांधे. त्यातून नवे सुतार जुनं काम शिकतात. लाकूड बदलतं, विद्या टिकते. आपण दगडही घालवतो आणि पाथरवटही; उरतो फक्त स्लॅबचा ठेकेदार. आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम बदलण्याआधी निदान बॅकअप तरी घेतात. इथे कुणी टेप लावून मोजमापसुद्धा घेतलेलं नाही.

देऊळ गळतं, कीर्तनाला जागा पुरत नाही, हे मान्य. मग गळती काढा, सभामंडप शेजारी बांधा. त्याला मी दुप्पट वर्गणी देईन.

परतताना मंचरच्या अलीकडे तात्या म्हणाले, "पण आपल्या देवळावर गेंडा कुठंय?"

असेल-नसेल. ऑइलपेंटच्या थरांखाली कुणी बघितलंय? जाणकाराकडून तो रंग उतरवून घेईपर्यंत पाडकामाला माझा एक रुपया मिळणार नाही, असं तात्यांना सांगितलंय. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.