मोटारींची शर्यत आणि तपासनिसाचा नियम

अमेरिकेंत ‘ड्रॅग रेसिंग’ नांवाचा मोटारींच्या शर्यतीचा एक प्रकार फार लोकप्रिय आहे. दोन मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या राहतात आणि इषारा मिळतांच सरळ पट्टीवर, बहुधा पाव मैल, धांवतात. कित्येक स्पर्धक स्वतःच्या हातांनीं गाडीचे भाग बदलून तिचा वेग वाढवितात. परंतु शर्यतीपूर्वीं ती गाडी तपासनिसापुढें न्यावी लागते. आणि त्याचे नियम कल्पकतेचे शत्रु आहेत, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. आम्हांस ही तक्रार मान्य नाहीं.

तपासनीस पाहतो तरी काय? क्लच फुटल्यास त्याचे तुकडे चालकाच्या अंगांत शिरूं नयेत, म्हणून त्याभोंवतीं मजबूत धातूचें कवच आहे कीं नाहीं. प्रोपेलर शाफ्टचा पुढील सांधा तुटल्यास तो जमिनींत रुतून गाडी उलटूं नये, म्हणून त्याखालीं पोलादी कडें आहे कीं नाहीं. १९५१ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ या संस्थेच्या नियमांप्रमाणें, पाव मैल ९·९९ सेकंदांत वा त्याहून कमी वेळांत तोडणाऱ्या मोटारीच्या सांगाड्यास सामान्यतः वेगळें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. यांत लहरीपणा कोठें आहे?

डॉन गार्लिट्स या प्रख्यात चालकाचें उदाहरण बोलकें आहे. त्या काळीं चालक इंजिनाच्या मागें बसे. १९७० च्या मार्च महिन्यांत लाँग बीचजवळील लायन्स शर्यतपट्टीवर त्याच्या गाडीचा गियरबॉक्स फुटला आणि उजव्या पावलाचा कांहीं भाग त्यास गमवावा लागला. त्यानें शर्यत सोडली नाहीं. इंजिन चालकाच्या पाठीमागें ठेवून नवी गाडी रचली, आणि १९७१ सालीं पोमोना येथील मोठी शर्यत तिनेंच जिंकली. थोड्याच वर्षांत त्या वर्गांतील इतरांनींही तीच रचना उचलली. सुरक्षितता ही कल्पकतेची बेडी नसून तिचा विषय होऊं शकते, हें यावरून स्पष्ट होतें.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कवचें, पट्टे, सांगाडा यांस पैसा लागतो, आणि गरीब कारागीर मागें पडतो. परंतु हे नियम वेगाच्या पायरीपायरीनें कडक होतात. मंद गाडीस थोडीं बंधनें, जलद गाडीस अधिक. वेग विकत घेण्यास ज्याच्यापाशीं द्रव्य आहे, त्यानें संरक्षण प्रथम विकत घ्यावें. ज्यापाशीं नाहीं, त्यानें खालच्या वर्गांत आपलें कौशल्य दाखवावें. त्यांत कमीपणा नाहीं.

आपल्याकडेही मोटारसायकलींत फेरफार करून रात्रीं हमरस्त्यावर शर्यत लावणारे तरुण आढळतात. परवानगीवांचून अशी शर्यत लावणें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट ही कीं, तेथें तपासनीस नाहीं, कवच नाहीं, आणि समोरून येणाऱ्या पादचाऱ्यानें तर त्या शर्यतींत आपलें नांवही दिलेलें नसतें.

यंत्राची आवड असलेल्या आमच्या विद्यार्थिबंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे: पाना हातीं अवश्य घ्या, परंतु कोणताही भाग बदलण्यापूर्वीं तो तुटल्यास कोठें जाईल, हा प्रश्न स्वतःस विचारा. हा प्रश्न जो विचारतो, त्यास तपासनिसाचें भय उरत नाहीं.