मध्यरात्रीनंतर रस्त्यावर कोण असतं?

पथदिव्यांच्या काटकसरीचं एक शास्त्र हल्ली ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत मोठ्या तावातावाने सांगितलं जातं. रात्री अकरानंतर रस्ते ओस पडतात, मग दिवे पूर्ण तेजाने कशाला जाळायचे? सेन्सर लावा, दिवे निम्म्यावर आणा, कुणी आलं की आपोआप उजळतील. वीजही वाचेल, सुरक्षितताही राहील. दोन्ही शहरं सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आली, तेव्हा आता दिव्यांनीही हुशार व्हावं, असं वर ऐकवलं जातं.

अकरानंतर रस्ते ओस! हे म्हणणाऱ्याने शेवटच्या कल्याण लोकलने एकदा प्रवास करावा. मध्यरात्र उलटल्यावर डोंबिवलीला उतरणारी माणसं मोजावीत. हॉटेलात भांडी घासून आलेला पोऱ्या, दुसरी पाळी संपवलेली नर्स, ऐरोली-महापेच्या कंपनीतून परतणारी मुलगी. रिक्षावाला जवळचं भाडं नाकारतो, म्हणून ती पायी निघते. पुढे खोदलेला रस्ता, बाजूला लावलेल्या गाड्या, वर वाढलेल्या गुलमोहराने झाकलेला दिवा. आता तिथे तुमचा सेन्सर बसवू. हालचाल टिपणारा सेन्सर चालणाऱ्याला टिपतो, निश्चल उभ्या असलेल्याला नाही. म्हणजे चालणारी मुलगी उजेडात आणि कोपऱ्यावर दबा धरून बसलेला अंधारात! बाईमाणसाला आपल्या डोक्यावरचा उजेड पुरत नाही, तीस पावलांवर कोण उभं आहे त्याचा चेहरा दिसावा लागतो. एक लखलखीत ठिपका आणि पुढे काळोख असला की उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना तो काळोख आणखी गडद वाटतो. म्हणूनच रस्त्यांच्या प्रकाशाचं आपलं भारतीय मानक, आयएस १९४४, नुसता सरासरी प्रकाश सांगून थांबत नाही. मुख्य रस्त्यावर सर्वांत कमी उजेडाच्या जागीही सरासरीच्या किमान ०.४ पट उजेड हवा, असं ते बजावतं. भारनियमनाच्या काळात एकाआड एक खांब विझवा म्हणणारेही हेच विसरत होते.

इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या २०१५च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो, की दिवे कमी केल्याने गुन्हे वाढल्याचं दिसलं नाही. असेल, पण न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वसाहतींत २०१६ साली जादा दिवे लावून पाहिले, तेव्हा रात्रीचे घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. ते का सांगत नाही?

बचतीचा हिशेबही ऐका. अडीचशे वॅटचा सोडियम दिवा चोकसह सुमारे २८० वॅट खातो, त्या जागी १२० वॅटचा एलईडी आला की अकरा तासांच्या रात्रीत पावणेदोन युनिट वाचतात. तो एलईडी रात्री पाच तास निम्म्यावर आणला तर वाचतं ०.३ युनिट. घरातला जुना पंखा चार तास फिरला की तेवढी वीज जाते. खरी बचत दिवा बदलला तेव्हाच पदरात पडली. उरलेल्या चिमूटभर बचतीसाठी रस्त्यावरच्या माणसाला अंधारात ढकलू नका.

मग हुशार दिवे नकोत? हवेत, पण त्यांची हुशारी दुरुस्तीसाठी वापरा. अनेक खांबांच्या एका पॅनेलवर बसवलेलं नियंत्रण यंत्र भर दुपारी जळणारे दिवे बंद करतं, आणि खोदकामात केबल तुटून अख्खी रांग विझली तर कार्यालयाला तिथल्या तिथे कळवतं. ती खबर प्रभागातल्या नागरिकालाही दिसली पाहिजे. पावसाळ्यापूर्वी खांबांवरच्या फांद्या छाटल्या पाहिजेत. मंद उजेड हवाच असेल तर रात्री कुलूप लागणाऱ्या उद्यानांत करा. आणि निविदेत सेन्सर किती हे लिहिण्याआधी बंद दिवा किती तासांत लागेल आणि मुदत चुकली तर ठेकेदाराला दंड किती, हे लिहा.