परत फिरलो तर पैसे कुणाचे?

डिसेंबर तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या ग्रुपांवर केदारकांठा, ब्रह्मतालच्या जाहिराती धडकायला लागतात. वर बर्फाचे फोटो, मध्ये तारखा आणि तळाशी बारीक अक्षरांत: भरलेले पैसे परत मिळणार नाहीत. माझं भांडण त्या बारीक ओळीशी आहे.

सह्याद्रीत आपण उताराला थोडंफार ओळखतो. घसाऱ्यावर पाऊल कसं टाकायचं ते पोरंसोरंही शिकतात. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून भर पावसात डोंगराच्या कुशीत मुक्काम करताना शहाणी माणसं दोनदा विचार करतात. बर्फाचं मात्र सगळं आपण 'लोकल गाइडला माहीत असतं' यावर सोडून देतो.

बर्फ वरून एकसंध दिसतो, पण आत थर असतात. खाली साखरेसारखा सुटा थर आणि त्यावर वाऱ्याने आणून दाबलेला घट्ट थर, अशी रचना झाली की अख्खी लादी सुटायला एका माणसाचं वजनही पुरतं. सर्वाधिक धोका साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर. आणि तुम्ही सपाटीवर असलात म्हणून सुटलात असं नाही, डोक्यावर तसा उतार आहे का ते बघावं लागतं. रात्रभर जोरदार हिमवर्षाव झालाय, वाऱ्याने बर्फ उडतोय, एकदम ऊन तापलंय, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज येतोय, पावलाजवळून तडा पळत जातोय... यातलं काहीही दिसलं तर त्या उतारावर जायचं नाही. शिखर अर्ध्या तासावर असलं तरी नाही.

'आमच्याकडे अनुभवी लोक आहेत' हे उत्तर पुरेसं नाही हो. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडावर हिमस्खलन झालं. त्यात सापडली होती ती उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी. त्यातली दोन डझनांहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेली प्रशिक्षक सविता कंसवालही गेली. तिथे हे होतं, तर चार दिवसांच्या बॅचने कशाच्या भरवशावर निघायचं?

गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. म्हणजे शोधायचं ते सोबतच्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, पाठीवर शोधकाठी आणि फावडं हवं. हिमस्खलनाचा धोका असलेल्या वाटेवर नेणाऱ्या किती आयोजकांकडे हे असतं? विचारून बघा, बहुतेक विषय जेवणाच्या मेनूकडे वळेल.

डीआरडीओची डीजीआरई ही संस्था जिल्हावार, उंचीनुसार हिमस्खलनाचे इशारे देते. तो इशारा निघायच्या दिवशी बॅचमधल्या प्रत्येकाला मराठीत मिळाला पाहिजे, आणि इशाऱ्यामुळे किंवा लीडरच्या निर्णयाने ट्रेक अर्धवट राहिला तर पैसे परत किंवा पुढची तारीख, हे नियमात असलं पाहिजे. लीडरला परत फिरताना चाळीस जणांच्या रिफंडचा हिशेब डोक्यात असेल, तर तो उतार कसला बघणार?

बुकिंगला फोन कराल तेव्हा आधी हे विचारा. आणि उत्तर लेखी मागा, तोंडी नको.